लिमरिकचा लामणदिवा

डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी घरांत उपेंद्र टिल्लू यायचा असला की बायका आधी मिक्सर आवरून ठेवत. मिक्सरची कुणाला लाज नव्हती, लाज होती ती त्याच्या प्लगची. पुण्याहून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेल्या मिक्सरला दोन गोल पिना, आणि आयर्लंडच्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा घरोघरी एकच होता. वरच्या भोकात बॉलपेनाचं टोपण खुपसायचं, म्हणजे खालच्या दोन भोकांवरचे पडदे सरकतात, मग गोल पिना दाबून आत घालायच्या. चटणी होते आणि टोपण कायमचं तिथेच राहतं. उपेंद्रच्या नजरेस ते टोपण पडलं की पुढ्यातला चहा गार व्हायचा.

"वहिनी, ते पडदे लहान मुलांनी तारा-बिरा घालू नयेत म्हणून आहेत. तुम्ही ते उघडून बसलात." मग कोटाच्या खिशातून पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि टेस्टर निघे. जुना प्लग कापला जाई, नवा बसे. तपकिरी तार कुठे, निळी कुठे, अर्थिंगची कुठे, वायर प्लगच्या पट्टीखाली घट्ट का धरायची, हे सगळं यजमानांना उभं करून ऐकवलं जाई. शेवटी फ्यूज. "मिक्सरला पाचाचा फ्यूज पुरे. तेराचा घालाल तर आधी मिक्सर जळेल आणि मग फ्यूज विचार करायला लागेल." हे वाक्य त्या गावातल्या प्रत्येक मराठी माणसाने निदान एकदा ऐकलं होतं. एका घरी तर त्याने बाथरूमपर्यंत एक्स्टेन्शन ओढून बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड पाहिला आणि प्लग उपसून त्याची वायर मधोमध कापून टाकली. त्या घरच्यांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. पुढे त्यांच्याच झुंबराचं बटण बिघडलं, तेव्हा अबोला आपोआप सुटला.

उपेंद्र मूळचा नागपूरचा. वडील पोस्टात, घरात चार भावंडं, आणि इस्त्रीची वायर जळली की ती बदलण्याचं काम धाकट्या उपेंद्रकडे. पुढे तो रीतसर इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला, पुण्यात नोकरी केली आणि नव्याण्णव साली डब्लिनजवळच्या एका कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात आला. कारखान्याच्या विजेने एक क्षणही डोळा मिटू नये, ही त्याची जबाबदारी. पण तिथे गंमत अशी, की ज्याच्यावर सगळ्या विजेचा भार, त्याला पक्कड हातात धरायची मनाई. त्याने आराखडे बघायचे, सह्या करायच्या. तार जोडायची ती तिथल्या इलेक्ट्रिशियनने. उपेंद्रच्या हातांना तिथे उपास घडत असे आणि तो उपास मराठी मंडळींच्या घरी सुटत असे. लोकांना वाटे, बिचारा आपल्यासाठी किती धावतो. धावण्याची हौस त्याचीच होती.

त्याची शिस्त मात्र कडक. आधी टेस्टर, मग हात, आणि काम झालं की पुन्हा टेस्टर, बटण चालू करून आणि बंद करून, दोन्ही वेळा. बायको वृंदा म्हणायची, "लग्नात मला हार घालायच्या आधी टेस्टर लावला नाहीस, हेच नशीब." तो यावर हसत नसे. विजेवरच्या विनोदाला तो सहसा हसत नसे.

दोन हजार तीनच्या गणपतीला उल्हासने त्याला लिमरिकला बोलावलं. उल्हास पुण्यापासूनचा मित्र, लिमरिकला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याची बायको निधी तिथल्याच एका ऑफिसात. त्या वर्षी उल्हासची आई, पद्मजाकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाईंचा पितळी लामणदिवा. लांब साखळी, साखळीवर राघू, खाली पाच वातींचं ताट. तो काकूंनी विमानात मांडीवर धरून आणला होता. घरात लाकूड आणि गालिचे, तेलाचा दिवा टांगायचा नाही, असं उल्हासने आधीच फोनवर बजावलं होतं. म्हणून काकूंनी पुण्यात तांबट आळीतल्या एकाला सांगून ताटाखाली बल्बचा होल्डर बसवून घेतला आणि साखळीतून वायर वर ओवून घेतली होती.

"तुझ्यासाठी थांबलोय," उल्हास म्हणाला. "आई म्हणाली, त्या उपेंद्रालाच हात लावू दे. आपल्या माणसाने लावलेला बरा."

हे ऐकून उपेंद्रला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटणं त्याच्या तब्येतीला चांगलं नव्हतं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

त्याने मेन बंद केला, बैठकीच्या छतावरचा जुना दिवा उतरवला, गोल झाकण काढलं आणि आतल्या तारा भराभर सोडवल्या. मग वर पाहिलं. आपल्याकडे छतात दोन तारा असतात, एक फेज, वीज आणणारी, आणि एक न्यूट्रल, परत नेणारी. जे काही जोडकाम, ते खाली भिंतीवरच्या बटणांच्या पेटीत. इथे भोकातून तीन जाड केबली लोंबत होत्या, प्रत्येकीत एक लाल, एक काळी आणि एक उघडी तांब्याची अर्थिंगची. चार वर्षं आयर्लंडात काढून त्याने शेकड्याने प्लग बसवले होते, पण छत उघडण्याची ही पहिलीच वेळ. सोडवण्याआधी कुठली तार कुठे होती हे त्याने पाहून ठेवलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

आता खाली उल्हास उभा, निधी उभी, काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. "काय रे, काही अडचण?" उल्हासने विचारलं. "छे, अडचण कसली," उपेंद्र म्हणाला. त्याने लाल तारा लालला, काळ्या काळ्याला जोडल्या आणि मेन लावला. बटण दाबताच फ्यूज बोर्डात खट्कन आवाज झाला. मग तो विचाराला बसला. तीनपैकी एक केबल भिंतीवरच्या बटणाकडे जाणारी, हे त्याने शोधून काढलं. ती वेगळी केली. काळी म्हणजे न्यूट्रल, असा आयुष्यभराचा हिशेब. म्हणून बटणाच्या केबलची काळी तार काळ्यांतच ठेवली आणि तिची लाल दिव्याकडे नेली, दिव्याची दुसरी तार बाकीच्या लाल तारांना जोडली. उघडी अर्थिंगची तार जोडायला पितळेत भोक पाडून स्क्रू बसवायला हवा होता. सासूबाईंच्या दिव्याला भोक पाडा, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती तार त्याने चिकटपट्टी गुंडाळून वर ठेवून दिली. नंतर बघू म्हणाला.

या वेळी बटण दाबलं आणि दिवा लागला. राघूची सावली भिंतीवर पडली. निधीने टाळ्या वाजवल्या, काकूंनी दिव्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उपेंद्रने खिशातून टेस्टर काढला. "एकदा बटण बंद करतो, काकू. होल्डरला लावून बघतो."

"अरे, असं काय करतोस?" काकूंनी त्याचा हातच धरला. "आत्ता लावलाय, गणपती समोर बसलाय, आणि लगेच मालवायचा? असू दे चांगला रात्रभर."

कुठल्याही मराठी घरात वाढलेला माणूस यावर काय बोलणार? लावलेला दिवा लगेच मालवू नये, हे उपेंद्रच्या आईनेही त्याला शिकवलं होतं. त्याने टेस्टर खिशात ठेवला. मोदक खाल्ले, आरतीला झांज वाजवली, दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा जळत असतानाच तो निघाला. पुढचे कित्येक आठवडे लिमरिकच्या लामणदिव्याची गोष्ट त्याने ब्लँचर्डस्टाउनमध्ये सांगितली. प्रत्येक वेळी छतातल्या केबलींची संख्या जरा वाढत गेली.

ऑक्टोबर निम्मा सरला. दिवाळी तोंडावर आली तसं वृंदाने जिन्यावरच्या दिव्याचं टुमणं लावलं. त्यांचं घर सत्तरच्या सुमाराचं, आधीच्या मालकाने लावलेली शेड पिवळी पडलेली. एका बुधवारी कामावरून आल्यावर उपेंद्रने मेन बंद केला, स्टूल लावलं आणि छतावरचं गोल झाकण फिरवून खाली घेतलं.

आतलं काम ज्या कुणा आयरिश माणसाने तीस वर्षांपूर्वी केलं होतं, त्याने ते नीटनेटकं केलं होतं. तीच तीन केबलींची मांडणी. पण बटणाकडून येणारी काळी तार काळ्यांत नव्हती. ती एकटी दिव्याकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ही तार दिसायला काळी असली तरी फेज आहे, एवढंच सांगायला. बटणाची लाल बाकीच्या लाल तारांत होती.

उपेंद्र स्टुलावर उभ्याउभ्या ते वाचत राहिला. इथे बटण फेज तोडत होतं. लिमरिकला त्याने बटण न्यूट्रलमध्ये घातलं होतं. म्हणजे दिवा लागतो, विझतो, कुणाला काही कळत नाही. पण विझलेला असताना होल्डरमध्ये फेज तशीच जागी. वर सगळं पितळ, आणि पितळाला अर्थिंग नाही. सॉकेटच्या सर्किटवर शॉक बसताच तुटणारं बटण उल्हासच्या बोर्डात होतं, ते त्याने पाहिलं होतं. दिव्यांच्या सर्किटवर नव्हतं, तेही पाहिलं होतं.

आणि दिवाळीच्या आधी आपल्या बायका पितळेचं काय करतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बटण बंद करतात, ओली चिंच घेतात आणि घासतात. साखळीतून वायर ओवलेला दिवा खाली उतरत नाही. तो वरच्या वर, ओल्या हाताने घासावा लागतो.

तो खाली उतरला आणि उल्हासला फोन लावला. इथवर त्याचं सगळं बरोबर होतं.

"काय रे, कशी आठवण काढलीस?" उल्हास आनंदात होता.

"सहज. काकू कशा आहेत?"

"आई? अरे, तिने नुसती घासपूस काढलीये. आज समई झाली, तांब्या-भांडी झाली. उद्या तुझ्या दिव्याचा नंबर."

इथे बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं. वाक्य उपेंद्रच्या तोंडापर्यंत आलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे उल्हासचा चेहरा आला, निधीच्या टाळ्या आल्या, बादलीतला रॉड कापलेलं घर आलं, आणि ज्यांना ज्यांना त्याने उभं करून ऐकवलं होतं ते सगळे ओळीने येऊन उभे राहिले. "शनिवारी मी तिकडे येतोय," तो म्हणाला. "मी सोडवून देतो, मग घासा. तोवर राहू दे."

"आई थांबणार होय? वसुबारशीच्या आत तिला सगळं चकचकीत हवं."

"मग निदान मेन बंद करून..."

"मेन? हीटिंग, फ्रिज, सगळंच जाईल की. आणि आम्ही दोघं कामावर, ती एकटी, परत कोण लावणार? ती बटण बंद करते रे नेमाने, विसरतो ते आम्ही." मग त्यानेच विचारलं, "का रे? काही प्रॉब्लेम आहे का त्याच्यात?"

"छे छे," उपेंद्र म्हणाला. "प्रॉब्लेम कसला. सहज म्हटलं."

फोन ठेवल्यावर वृंदाने त्याच्याकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. "काय झालंय?" त्याने सांगितलं. तिने विचारलं, "मग हे त्याला का नाही सांगितलंस?" तो चिडला. बटण दाबताना माणूस दिव्याला हात लावत नाही, काकू ताट घासतील, होल्डरमध्ये कशाला बोटं घालतील, इतक्या दिवसांत काही झालं नाही, असं बरंच बोलला. इतरांच्या घरी लोक नेमकं हेच त्याला ऐकवत आणि तो त्यांना फाडून खात असे. वृंदाने फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. त्याने तो उचलला नाही. सकाळी करू, असं ठरवलं. उल्हास कामावर निघायच्या आत.

सकाळी उल्हास लवकर निघून गेला होता. त्याचा मोबाईल लॉकरमध्ये. धुळीचा कणही न चालणाऱ्या क्लीन रूममध्ये कुणी मोबाईल नेत नाही. कंपनीतल्या बाई तिकडच्या बोलीत, अगदी आपुलकीने म्हणाल्या, "युअर मॅन क्लीन रूममध्ये आहे. निरोप ठेवते, ग्रँड? चालेल ना?" निधी मीटिंगमध्ये. घरचा फोन वाजत राहिला. काकू तो उचलत नसत. पलीकडून इंग्रजी आलं तर काय बोलायचं, या धास्तीने त्यांनी मुलाशी खूण ठरवली होती: दोनदा वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला तरच उचलायचा. उपेंद्रला ती खूण माहीत नव्हती. तो एकसारखा वाजवत राहिला आणि त्या एकसारख्या न उचलत राहिल्या.

त्याने साहेबाला घरची अडचण सांगितली आणि गाडी काढली. त्या काळी लिमरिकचा रस्ता गावागावांतून जाई. किल्डेअरला ट्रकांच्या मागे, मोनास्टरएव्हिनला तर पुलाच्या अलीकडे मुंगीच्या पावलाने. तिथे अडकला असताना त्याला खरी भीती वाटली. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याला बेअब्रूची भीती होती. आता बेअब्रू कुठल्या कुठे गेली. स्टुलाशेजारी पडलेल्या काकू त्याला दिसत होत्या, आणि आपण त्यांना कालच वाचवू शकलो असतो, हे दिसत होतं. नीना गावाच्या पेट्रोल पंपावर थांबून त्याने पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

लिमरिकच्या कॅसलट्रॉय भागातल्या त्या घरापुढे गाडी लावून त्याने बेल दाबली, दार ठोठावलं, खिडकीतून हाका मारल्या. "काकू! मी उपेंद्र!"

दार उघडलं. पद्मजाकाकू समोर उभ्या होत्या, पदर खोचलेला, बोटं चिंचेने काळपटलेली. "अगंबाई, उपेंद्रा! शनिवारी येणार होतास ना? ये, बस. किती घाम आलाय."

तो बुटांसकट आत शिरला, थेट जिन्याखालच्या बोर्डाशी गेला आणि मेन खाली पाडला. फ्रिजची घरघर थांबली. मग तो बैठकीत आला. लाकडी स्टूल दिव्याखाली तसंच होतं, खाली वर्तमानपत्र, वाटीत चिंचेचा कोळ. दिवा घासून झालेला होता. राघू, साखळी, ताट, सगळं सोन्यासारखं लखलखत होतं.

"कसा निघालाय बघ," काकू म्हणाल्या.

"काकू, बसा. मला काहीतरी सांगायचंय." तो स्वतः मात्र उभाच राहिला. "हा दिवा मी चुकीचा जोडला होता. बटण बंद असलं तरी यात वीज असते. काल संध्याकाळी मला कळलं. उल्हासने मला सरळ विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का, आणि मी नाही म्हणालो. मला लाज वाटली म्हणून नाही म्हणालो. तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

काकू सोफ्यावर टेकल्या. दिव्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"तरीच," त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"बल्ब काढून ती वाटी आतून पुसत होते, तर हात असा झटकला गेला बघ. पार खांद्यापर्यंत. पडले नाही एवढंच. खाली उतरले, पाणी प्यायले, म्हटलं करंट लागला की काय. बघू उल्हास आल्यावर, असंही मनात आलं." त्यांनी पदराने बोटं पुसली. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच उपेंद्रला ऐकवेना. "मग म्हटलं, छे, उपेंद्राने जोडलाय, त्यात कसा करंट असेल? आपलंच वय झालं. म्हणून पुन्हा चढले आणि राहिलेला पुसून काढला."